चर्चा: निफाडच्या थंडीत कासव बाहेरच्या हौदात ठेवावं की घरात घ्यावं?

द्राक्षबाग_निफाड
आमच्या अंगणातल्या हौदात लाल कानाचं कासव आहे, रेड इअर्ड स्लायडर. मुलीने हट्ट करून आणलं तेव्हा दहाच्या नाण्याएवढं होतं, सात वर्षांत ताटलीएवढं झालंय. हौद सहा फूट बाय तीन, पाणी दीड फूट. दर डिसेंबरात घरात तोच वाद. सासूबाई म्हणतात, मुकं जनावर आहे, आत घे. माझं मत, बाहेरच राहू द्यावं. त्याचा मूळ मुलूख अमेरिकेतलं मिसिसिपीचं खोरं, तिथे तळी गोठतात. आमच्याकडे रात्री पारा पाच-सहावर उतरतो, पण दुपारी लख्ख ऊन असतं. दगडावर चढून, मागचे पाय ताणून ते ऊन खातं. हे सुख घरातल्या टबात कुठून देऊ?

पंचवटीकर
ताई, कळकळीने सांगते, आत घ्या. आमचं गच्चीवरच्या टबात होतं. जानेवारीत एका संध्याकाळी सुकट टाकली, त्याने भरपेट खाल्ली. रात्री कडाका पडला. तिसऱ्या दिवशी ते तिरपं तरंगायला लागलं, डावी बाजू बुडालेली, उजवी वर. नाकपुडीशी बुडबुडे, मान ताणून तोंड उघडून श्वास घेत होतं. डॉक्टर म्हणाले न्यूमोनिया. इंजेक्शनं दिली, पण आम्हीच उशीर केला होता. ते तिरपं तरंगणं अजून डोळ्यांसमोरून जात नाही. मिसिसिपीचा दाखला कृपा करून देऊ नका.

एडिसनकर
मी न्यू जर्सीत राहतो. माझी दोन कासवं परसातल्या तळ्यात बारा महिने असतात, त्यामुळे 'आतच घ्या' मला पटत नाही. पण ताईंचं कारणही पटत नाही. माझं तळं चार फूट खोल आहे. ऑक्टोबरात पाणी 15 अंशांखाली आलं की खाणं बंद करतो, म्हणजे पोट रिकामं होतं. 10 च्या खाली गेलं की ती तळाशी बसतात ती थेट मार्चपर्यंत. वर बर्फ असला तरी तळाचं पाणी 4 अंशांच्या आसपास राहतं, कारण पाणी 4 अंशांना सर्वांत जड असतं. हवेचा पंप लावून बर्फात एक भोक उघडं ठेवतो, खालचे वायू कोंडू नयेत म्हणून. मुद्दा असा की तिथली थंडी एकसारखी असते. निफाडला पहाटे 6 आणि दुपारी 28! तुमचं कासव धड झोपत नाही, धड जागं राहत नाही. दुपारी खातं, रात्री पचन थांबतं आणि खाल्लेलं पोटात सडतं. थंडीपेक्षा हे वर-खाली होणं घातक.

ओझरचा_भाऊ
आत घेतलेली कासवं कशी खंगतात तेही कुणीतरी सांगा. खिडकीच्या काचेतून ऊन दिसतं, पण कवचाला लागणारे अतिनील किरण काच अडवते. दोन-तीन महिने ते मिळाले नाहीत तर वाढत्या वयाच्या कासवाचं कवच मऊ पडू लागतं. हीटर लावाल, पण रात्री वीज गेली तर? दीड फुटी हौदापेक्षा छोटा टब लवकर गार होतो.

द्राक्षबाग_निफाड
एडिसनकर, तुमचं वाचून दोन दिवस हौदात थर्मामीटर बांधून सोडला. पहाटे सहाला 12, दुपारी तीनला 23. एवढा फरक असेल असं वाटलं नव्हतं, मी चुकीचं धरून बसले होते. मग वाटलं, विहिरीत सोडावं का? कडाक्यात बागेला पहाटे विहिरीचं पाणी देतो, कारण ते कोमट असतं, वाफा निघतात. पूर्वी गावोगाव विहिरीत कासव असायचंच.

पाणथळ
ताई, विहिरीत मुळीच नको. पूर्वीची ती कासवं आपल्याकडची होती, आणि तीही पाळायला 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. हे परदेशी. विहिरीत त्याला ऊन खायला जागा नाही. पावसाळ्यात विहीर तुडुंब भरली की ओढ्याने गोदावरीत जाईल. तुमच्याच तालुक्यात नांदूर मधमेश्वर आहे, महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय रामसर करारात महत्त्वाची म्हणून नोंदलेली. तिथल्या कासवांच्या खाण्यावर आणि उन्हाच्या जागांवर हे हक्क सांगेल. युरोपीय संघाने 2016 मध्ये याच्या विक्रीवर बंदी आणली ती याच भीतीने.

एडिसनकर
बरोबर. कासव विहिरीत नको, विहिरीचं पाणी हौदात आणा. संध्याकाळपासून बारीक धार सोडून ठेवली तर पहाटे इतकं उतरणार नाही.

द्राक्षबाग_निफाड
शेतीपंपाची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात धार सोडता येईल. बाकीच्या आठवड्यात काय?

पंचवटीकर
तेव्हा तरी रात्री आत घ्या ना!

ओझरचा_भाऊ
रोज आत-बाहेर केलं तर तोच चढउतार पुन्हा. घ्यायचंच तर बिनहीटरच्या पडवीत, मोठ्या टबात, हौदाचंच पाणी घालून. आणि संध्याकाळचं खाणं बंद.

पंचवटीकर
पडवी चालेल. पण बुडबुडे दिसले किंवा तिरपं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

द्राक्षबाग_निफाड
काल रात्री धार सोडली, हौदावर अर्ध्या भागात पोतं टाकलं. आज सकाळी सहाला 17. नऊला ऊन आलं तेव्हा ते दगडावर होतं, दोन्ही मागचे पाय ताणून. सुकटीचा डबा सासूबाईंनी वरच्या फळीवर ठेवलाय.