कौतुक ‘करणे’ आणि कौतुक ‘वाटणे’

शिक्षकदिनाला एका जुन्या विद्यार्थिनीचा मेसेज आला. नववीत माझ्याकडे गणिताला होती, आता परिचारिका आहे. लिहिते, “बाई, पाचशे मिली सलाईन चार तासांत द्यायचं असेल तर मिनिटाला ४२ थेंब, हा हिशेब मी आता तोंडी करते. त्रैराशिक तुम्ही घोटून घेतलंत. तुमचं फार कौतुक वाटतं.”

मी आधी कागद ओढला. मिलीला २० थेंब पाडणारा सेट (सलाईनची नळी) धरला तर एकूण १०,००० थेंब, भागिले २४० मिनिटं, ४१.६७. म्हणजे ४२. बरोबर! मग डोळे भरून आले.

शाळेत दाखवलं तर एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “कौतुक मोठ्यांनी लहानांचं करायचं असतं. तिने ‘ऋणी आहे’ म्हणायला हवं होतं.” ते मनाला लागलं, कारण पोरीने चूक केली असं मला वाटत नाही.

कौतुक ‘करणे’ वरून खाली येतं, हे मान्य. आजी नातवाचं करते, सासू (करत असेल तर) सुनेचं. पण तिने ‘करते’ लिहिलेलं नाही, ‘वाटतं’ लिहिलंय. राग येतो, नवल वाटतं, तसं कौतुक वाटतं. त्याला वयाची अट कशी घालणार? शिवाय शब्दाचा मूळ अर्थच कुतूहल, नवल. ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें’ म्हणताना ज्ञानेश्वर कुणाला शाबासकी देत नाहीत. तिथे कौतुक म्हणजे लीला, सहजपणा.

उलट ‘ऋणी’च मला खटकतो. ऋण फेडावं लागतं, उपकारही फेडावे लागतात, आणि ‘आभार’ तर भार घेऊनच येतो. ती माझं काही देणं लागत नाही. त्रैराशिक शिकवण्याचा मला पगार मिळत होता. तुम्ही काय म्हणता?

प्रतिसाद:
‘वाटणे’चा मुद्दा पटला. पण ऋणाच्या शब्दांवर एवढा राग नको. ‘काय द्यावें त्यांसी व्हावें उतराई’ असं तुकोबा संतांबद्दल म्हणतात, तेव्हा देणं चुकतं करायची घाई त्यात नाही. फिटणारच नाही हे ठाऊक असलेलं ते ऋण आहे. हिंदीत ‘उतराई’ म्हणजे नावाड्याला द्यायचे पैसे. पैलतीरी पोचवणाऱ्याला काय द्यायचं, हा प्रश्न शिक्षकाच्या बाबतीत चपखल बसतो.

प्रतिसाद:
‘दाद’ विसरू नका. फारसीत दाद म्हणजे न्याय, म्हणून आपण कोर्टात दाद मागतो. गाण्याला दाद देतो तेव्हाही गाणाऱ्याच्या मेहनतीला न्यायच देतो. तुमच्या विद्यार्थिनीने नुसतं ‘छान शिकवलंत’ म्हटलं नाही, ४२ हा आकडा दिला. याला मी दाद म्हणेन.

मूळ लेखिका:
‘फिटणारच नाही हे ठाऊक असलेलं ऋण’ हे वाचून मी नरमले. तरी शिष्याने ते स्वतःहून म्हणावं, गुरूने त्याची अपेक्षा धरू नये, एवढं माझं म्हणणं राहतं. ‘दाद’ मात्र एकदम मान्य. आकडा नसता तर मी तो मेसेज दोनदा वाचलाही नसता.

काल तिला विचारलं, लहान मुलांना सलाईन देताना कसं करतेस? तिचं उत्तर: “बाई, तो सेट मिलीला ६० थेंबांचा. तासाला जितके मिली, मिनिटाला तितकेच थेंब. का, ते आता तुम्ही सांगा.” मिनिटभर विचार केला. तासाची मिनिटंही साठच, साठाला साठ गेले! मला तिचं कौतुक वाटलं, आणि मोठी असल्यामुळे मी ते केलंही.