डेट्रॉइट: तिजोरीत खडखडाट असताना जुन्या इमारती जपायच्या कशा?

नोव्हीचा_नवखा
नमस्कार मंडळी. यंदाच मोटारींच्या कंपनीतल्या नोकरीसाठी पुण्याहून डेट्रॉइटजवळच्या नोव्हीला आलोय. शनिवारी डेट्रॉइटचं दुरुस्त होऊन उघडलेलं जुनं मिशिगन सेंट्रल रेल्वे स्टेशन पाहिलं आणि भारावून गेलो. सोमवारी ऑफिसात कौतुक सांगायला लागलो, तर एक सहकारी गप्प झाली. तिचे वडील शहराच्या नोकरीतून निवृत्त झालेले. २०१३ मध्ये शहराने सुमारे १८०० कोटी डॉलरच्या देण्यांपायी दिवाळखोरी जाहीर केली, त्यात त्यांची पेन्शन साडेचार टक्क्यांनी कापली गेली आणि महागाईची वाढही बंद झाली. ती म्हणाली, "तेव्हा असल्या इमारतींवर एक डॉलर खर्च केला असता तरी मला राग आला असता." मला उत्तर देता आलं नाही. अशा शहराने नेमकं काय करावं?

गच्चीवाला
तुमच्या सहकारी बाईंचा राग रास्त आहे. पण हिशोब पुरता मांडू या. मी इथे जुन्या इमारतींची छतं आणि दर्शनी भिंती तपासतो. इमारत जपायची म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे झुंबरं आणि संगमरवर येतो. कंगाल शहराला ते परवडणार नाही, परवडायची गरजही नाही. त्याने छत शाकारावं, पन्हळी मोकळ्या ठेवाव्यात, फुटक्या खिडक्यांवर हवा खेळेल अशा बेताने फळ्या ठोकाव्यात, नळांतलं पाणी काढून टाकावं, आणि थांबावं.

पाणी का, तर इथला हिवाळा. गिलाव्यामागे किंवा टेराकोटाच्या, म्हणजे भिंतीवर बसवलेल्या भाजक्या मातीच्या ठोकळ्यांमागे शिरलेलं पाणी गोठलं की साधारण नऊ टक्के फुगतं, वितळतं, पुन्हा गोठतं. आतली लोखंडी पट्टी गंजून जाड होते आणि ठोकळा पुढे ढकलते. आम्ही पाळण्यात लटकून प्रत्येक ठोकळ्यावर लाकडी हातोडी मारतो. धड असेल तर खणखणीत वाजतो, नाहीतर फुटक्या मडक्यासारखा बद्द. जिथे बद्द आवाज सापडतो, तिथे वर शोधलं तर बहुतेक वेळा एखादी तुंबलेली पन्हळ किंवा उघडा सांधा असतोच. म्हणजे काही शे डॉलरचं काम टाळलं म्हणून लाखो डॉलरची भिंत जाते.

पाडणंही फुकट नसतं. हडसन्सचं प्रचंड दुकान २४ ऑक्टोबर १९९८ ला सुरुंग लावून पाडलं. त्या जागेवर नव्या इमारतीचं काम सुरू व्हायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. भर वुडवर्ड अॅव्हेन्यूवरची, मुख्य रस्त्यावरची जागा! उलट तुमचं स्टेशन घ्या. शेवटची गाडी जानेवारी १९८८ मध्ये गेली. २००९ मध्ये नगर परिषदेने पाडायचा ठराव केला, तो अमलात आला नाही. आधीच्या मालकाने २०१५ च्या सुमारास हजारावर खिडक्या बसवल्या. २०१८ मध्ये फोर्डने ते विकत घेतलं, २०२४ च्या जूनमध्ये उघडलं. वेटिंग हॉलच्या छतात सुमारे २९ हजार फरश्या आहेत. बदलाव्या लागल्या त्या जेमतेम तेराशे. इतकी वर्षं पाणी झिरपूनही! तळघरातून मात्र लाखो गॅलन पाणी उपसावं लागलं.

वॉरेनकर_ताई
दादा, पटतं, पण अर्धंच. फोर्ड सगळ्यांच्या नशिबी नसतं. १९५० मध्ये डेट्रॉइटची वस्ती साडेअठरा लाख होती, २०२० मध्ये ६ लाख ३९ हजार. माणसंच नाहीत तर इतक्या इमारती कुणासाठी धरून ठेवायच्या? गल्ल्यांमधली हजारो घरं पाडली गेली, त्यांच्यासाठी कोण थांबलं?

गच्चीवाला
ताई, सगळं वाचणार नाही, हे मान्य. जळालेलं, छत कोसळलेलं घर शेजारच्या लेकरांना धोका असतं, ते पाडलंच पाहिजे. म्हणून निवड करावी लागते, आणि ती छत उभं असतानाच.

पैशाचं म्हणाल तर बराचसा शहराच्या तिजोरीबाहेरून येतो. ऐतिहासिक म्हणून नोंद असलेल्या, उत्पन्न देणाऱ्या जुन्या इमारतीच्या पात्र दुरुस्तीखर्चाच्या २० टक्के केंद्राची करसवलत मिळते. मिशिगनची स्वतःची सवलत मात्र २०११ मध्ये बंद केली गेली आणि परत आली तेव्हा साऱ्या राज्यासाठी वर्षाला ५० लाख डॉलरची मर्यादा घालून. मला हे फार लागलं. बुक टॉवर ही एकच जुनी उंच इमारत पुन्हा उभी करायला ३० कोटींवर डॉलर लागले, तिथे ५० लाखांनी काय होणार?

नोव्हीचा_नवखा
धन्यवाद दोघांनाही. पुढच्या वेळी काय पाहू?

गच्चीवाला
बॅग्ली स्ट्रीटवरचं मिशिगन थिएटर, बाहेरून का होईना. १९२६ चं. सत्तरच्या दशकात आतून पोखरून तिथे पार्किंग केलं, कारण पूर्ण पाडलं असतं तर लागून असलेल्या ऑफिसच्या इमारतीला धोका होता. आज नक्षीदार छताखाली गाड्या उभ्या असतात. तुम्ही मोटारींच्या धंद्यातले, म्हणून हेही सांगतो: हेन्री फोर्डने पहिली गाडी बनवली ती शेड याच जागेवर होती. तिथून ग्रिसवोल्डवरच्या गार्डियन बिल्डिंगला चालत जा. ती कामाच्या दिवशी पाहा, लॉबी उघडी असते. सहकारी बाई येणार असतील तर त्यांनाही घेऊन जा. वडिलांना शहर कसं आठवतं ते मला ऐकायला आवडेल.