पहिल्यांदाच बिटकॉइन घ्यायचं आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. दर महिन्याला हजारभर रुपयांचं बिटकॉइन घ्यायचा विचार आहे. एसआयपी आणि पीपीएफला हात लावणार नाही. सगळं बुडालं तरी घर अडणार नाही, एवढीच रक्कम.

कराचं वाचलंय: नफ्यावर सरसकट ३० टक्के, वर सेस, विकताना १ टक्का टीडीएस. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, हे मला अन्यायाचं वाटतं. पण वर्षभर नुसती खरेदीच केली, विकलं काहीच नाही, तर रिटर्नमधल्या शेड्यूल व्हीडीएत (क्रिप्टोच्या व्यवहारांच्या तक्त्यात) काही भरावं लागतं का?

खरी धास्ती सुरक्षिततेची आहे. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजवर (खरेदी-विक्रीच्या मंचावर) हॅकिंग झालं, सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी गेली आणि ग्राहकांचे पैसे वर्षभराहून जास्त अडकले. एफआययूकडे (केंद्र सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे) नोंदणी असलेलंच एक्स्चेंज घेईन, पण नोंदणी म्हणजे बँकेतल्या ठेवीसारखा विमा नव्हे. मग एवढ्याशा रकमेसाठी हार्डवेअर वॉलेट (नाण्यांची गुप्त किल्ली ऑफलाइन ठेवणारं छोटं उपकरण) परवडतं का? की काही महिन्यांचं साठवून एकदम हलवावं, म्हणजे शुल्क कमी पडेल? आणि सीड फ्रेज (वॉलेट परत मिळवून देणारे गुप्त शब्द) घरच्यांना कशी समजावून ठेवलीत?

टेलिग्रामवरच्या टिप्स नकोत. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच कृपया सांगा.