जुनी डिझेल पिकअप: सुरू होते आणि लगेच बंद पडते

प्रश्न: बरीच वर्षं उभी असलेली पिकअप दुरुस्तीला घेतली आहे. इनलाइन पंप (इंजिनाला दाबाने डिझेल देणारा) आहे. हातपंप (लाइनीत हाताने डिझेल भरायचा छोटा पंप) मारला की सुरू होते, मिनिटभराने झटके देत बंद. सकाळी पांढरा धूर. पंप कॅलिब्रेशनला (डिझेलचं प्रमाण तपासून जुळवायला) द्यावा का?

सह्याद्री_डिझेल: पंपाला अजून हात लावू नका. हातपंपाने सुरू होते म्हणजे बहुतेक लाइनीत हवा शिरतेय. टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून पुढे देणारा) हा भाग ओढीवर चालतो. तिथे फट असली तर इंजिन चालू असताना डिझेल गळत नाही, उलट हवा आत येते. म्हणून बाहेरून सगळं कोरडं दिसतं. फीड पंपाच्या आधी फूटभर पारदर्शक पाइप जोडा. बुडबुडे दिसले तर दोष टाकीकडच्या बाजूला. बॅन्जो बोल्टचे (पाइप जोडणारे पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर नवेच घाला. मग फिल्टरचा एअर स्क्रू (हवा काढायचा) ढिला करून फेस थांबेपर्यंत हातपंप मारा, आवळा, नंतर इनलाइन पंपाचा स्क्रू तसाच.

गॅरेज_कट्टा: टाकीही उतरवा. उभ्या गाडीत पाणी आणि गंज साचतो. जुनं डिझेल काढून टाका, फिल्टर बदला.

प्रश्नकर्ता: पाइप लावला. बुडबुडे नाहीत, पण डिझेल फारच कमी येतंय.

गॅरेज_कट्टा: मग टाकीतली जाळी तुंबली असेल. आधी झाकण उघडं ठेवून चालवून बघा. झाकणाचं हवेचं भोक बुजलं तरी असंच होतं. गरम झाल्यावरही धूर राहिला तर नॉझल (इंजिनात डिझेल फवारणारे) टेस्टरवर तपासा. रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर मात्र हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांमधलं सील) बघा.