जुन्या शाळेत बाहेरच्या चित्रकारांसाठी गेस्ट स्टुडिओ, काय काय लागेल?

मंगळवारपेठकर:
नमस्कार मंडळी. आमच्या ट्रस्टची कोल्हापुरात खासबागेच्या जवळ जुनी प्राथमिक शाळा आहे, दगडी जोतं, मंगलोरी कौलं, सागवानी तुळया. पट घसरत घसरत वर्ग बंद झाले आणि आता कमिटीत दोन तट पडलेत, एक म्हणतो मंगल कार्यालय करा, आम्ही तिघं-चौघं म्हणतोय दोन वर्ग बाहेरगावच्या चित्रकारांना महिना-दोन महिने राहून काम करायला देऊया. परिसर तर त्यासाठीच आहे की, इकडं केशवराव भोसले नाट्यगृह, गाण्याचा देवल क्लब, पलीकडं जयप्रभा फिल्म स्टुडिओ. कॉन्ट्रॅक्टरनं कोटेशन दिलंय, पीओपीचं फॉल्स सीलिंग, चकाचक टाइल्स, एसी, अटॅच्ड बाथरूम. चित्रकाराला नक्की काय लागतं? आणि भाडं कसं धरायचं?

रंगपेटी:
पहिलं ते फॉल्स सीलिंग फाडून टाका कोटेशनमधनं. अहो शाळेचा वर्ग म्हणजे आयता स्टुडिओ, उंच छत, मोठ्या खिडक्या, मोकळी भिंत, ते झाकून लॉजची खोली कशाला करताय. सहा फुटी कॅनव्हास उभा करून चार पावलं मागं येऊन बघता आलं पाहिजे, बास. उत्तरेच्या खिडक्या असलेला वर्ग कामाला ठेवा, दक्षिणेचा झोपायला. आता पुस्तकात उत्तरेचा उजेड स्थिर म्हणतात पण आपल्याकडं मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ तिकडनं पण तिरकं ऊन आत येतं, म्हणून साधे पांढरे मांजरपाटाचे पडदे लावा. टाइल्स नकोत, शहाबादी असेल तर तीच राहू दे, रंग सांडला तरी कुणी ओरडत नाही. आणि कोपऱ्यात एक मोठी मोरी, खाली गाळ बसायला टाकी, नाहीतर प्लास्टर ऑफ पॅरिस नळीत घट्ट बसून पहिल्याच पाहुण्यात ड्रेनेज तुंबतंय बघा.

चुनाभट्टी:
भिंती चुन्याच्या असतील तर वर सिमेंटचा गिलावा अजिबात मारू नका. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं, मग दोन पावसाळ्यात पोपडे आणि बुरशी, आणि कागदावर काम करणाऱ्याचं सगळं वाटोळं. सगळा पैसा आधी कौलांत घाला, शाकारणी म्हणजे कौलं उतरवून नीट परत बसवणं, कुजलेले वासे-रिपा बदलणं, पन्हळी. कोल्हापूरचा पाऊस काय एसी बघून थांबत नाही. इमारत महापालिकेच्या हेरिटेज यादीत आहे का ते पण आधीच बघा, असेल तर परवानगीशिवाय खिळा ठोकू नका.

एकटाप्रवासी:
जपानात क्योटोला बघण्यासारखं उदाहरण आहे. मेइरिन नावाची शाळा, १८६९ ला लोकांनीच सुरू केलेली, आत्ताची इमारत १९३१ ची. १९९३ ला शाळा बंद पडली आणि २००० साली तिथं क्योटो आर्ट सेंटर उघडलं. वर्गांचे स्टुडिओ केले पण इमारतीचं रूप शाळेचंच ठेवलंय. तिथं स्टुडिओ वापरणारे कलाकार गावातल्या लोकांसाठी वर्कशॉप घेतात. तुमच्या भाड्याचं उत्तर त्यातच आहे, लाइट-पाणी-झाडलोट निघेल एवढंच घ्या आणि बाकी बदल्यात पेठेतल्या पोरांसाठी दोन रविवार मागा.

तांबडापांढरा:
वर्कशॉप वगैरे ठीक हाय भावा, पण रात्री तिथं कोण असणार? एकटी बाई राहायला आली तर आतनं कडी, गेटला दिवा आणि फोन उचलणारा माणूस पाहिजे. आणि आगीचं बघा आधी. ऑगस्ट २०२४ मध्ये आपलं केशवराव डोळ्यांदेखत जळालं, लाकूड जुनं असलं की किती भरभर पेटतंय ते सगळ्या गावानं बघितलंय. सगळं वायरिंग नवं घाला.

रंगपेटी:
बरोबर बोलला. त्यात ऑइल पेंटला वापरतात त्या जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्या, ढीग करून टाकल्या तर काडी न लावता आपोआप पेटतात, चेष्टा नाही. झाकणाचा पत्र्याचा डबा, त्यात पाणी, आणि रोज रिकामा करायचा. हे नियमात ठळक लिहा.

चुनाभट्टी:
परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत ऑनलाइन एफआरआरओला, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाला, कळवावं लागतं, त्याचं लॉगिन आधीच काढून ठेवा.

मंगळवारपेठकर:
लई आभार सगळ्यांचे. एसी आणि सीलिंग कटाप, कमिटीला तसं लिहून देतो. एकच राहिलं, भिंतीतला काळा फळा काढायचा का ठेवायचा? काहीजण म्हणतात तिथं टीव्ही बसवू.

रंगपेटी:
टीव्ही??? फळा ठेवा, खडूचा डबा पण ठेवा. कच्चं रेखाटन करायला एवढी मोठी पाटी विकत कुठं मिळणार?