मदत हवी आहे: कर्ल तासाभरात का सुटतात?
माझे केस सरळ, दाट आणि कमरेपर्यंत लांब. घरीच २५ मिमीच्या कर्लिंग आयर्नने, १८० अंशांवर, हीट प्रोटेक्टंट लावून कर्ल करते. केस पूर्ण वाळलेले असतात. सोडल्या सोडल्या बटा सुरेख दिसतात, पण तासाभरात खालचा भाग सरळ! वरचा मात्र टिकतो, हे काही कळत नाही.

केस गार होताना आकार धरतात, म्हणून गरम बट गुंडाळून पिनेने अडकवायची असं वाचलंय. पण अख्खं डोकं पिनांनी भरायचं? खरंच कोणी करतं का? की १९ मिमीचा आयर्न घेऊ? तापमान वाढवायची अजिबात तयारी नाही, टोकं आधीच रुक्ष झालीत. आणि मूस (केसांना लावायचा फेस) आधी लावायचा की नुसता स्प्रे नंतर पुरे?