मदत हवी आहे: पद्मिनीला पुढे डिस्क बसवल्यात, ब्रेक ऑइल कुठलं टाकू?

नमस्कार मंडळी,
आमच्याकडे नाशिकला वडिलांची 1984 ची प्रीमियर पद्मिनी आहे, शोभेला ठेवलेली नाही, रविवारी आणि सणावाराला व्यवस्थित पळवतो. मूळची चारही चाकांना ड्रम. कसारा घाटात हल्ली मागून जे ट्रेलर अंगावर येतात ते बघून पुढच्या दोन चाकांना डिस्क करून घेतल्या. हब सातपूरला लेथवर मारून घेतले, कॅलिपरची (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) ब्रॅकेटं जाड प्लेटमधून कापून घेतली, काम मस्त झालंय आणि सपाट रस्त्यावर गाडी एका रेषेत थांबते. मागे ड्रमच आहेत, मास्टर सिलेंडर (पॅडल दाबलं की ऑइलला प्रेशर देणारा) जुनाच, त्यातलं रबर किट नवीन, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही.

आता प्रॉब्लेम असा की सप्तशृंगी गडावरून नांदुरीला उतरताना घाट संपता संपता पॅडल मऊ पडलं. दाबलं की खाली, पटापट दोन-तीनदा मारलं की जरा वर यायचं, परत खाली. घरचे सगळे गाडीत. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर आणि हँडब्रेकवर सावकाश खाली आणली, बाजूला लावली, पुढच्या रिमजवळ हात नेववत नव्हता. आणि चहा होईपर्यंत पॅडल परत पहिल्यासारखं कडक! गळती कुठेच नाही. नुसते पॅड तापून पकड गेली असती तर पॅडल कडकच राहिलं असतं आणि गाडी थांबली नसती, इथे पॅडलच खाली गेलं, म्हणजे कॅलिपरमधलं ऑइल उकळून वाफ झाली असणार. घरी येऊन कॅलिपरचा ऑइल काढायचा निपल उघडला तर आतून कोऱ्या चहासारखं ऑइल आलं.

तर सगळं ऑइल बदलायचंच आहे. पण टाकू काय? गॅरेजवाला म्हणतो जुन्या गाडीला डॉट 3 च (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा), दुसरं टाकलं की रबर फुगतं. भाचा म्हणतो सरळ 5.1 टाक. आणि जुन्या गाड्या जमवणारे एक ओळखीचे आहेत ते म्हणतात डॉट 5, सिलिकॉनवालं, पाणी ओढत नाही आणि रंग खराब करत नाही. हा रंगाचा मुद्दा मला फार टोचतो कारण ब्लीडिंग करताना मडगार्डवर चार थेंब पडले होते, लगेच पाण्याने धुतलं म्हणून वाचलं पण एक थेंब खालच्या कडेला राहून गेला आणि तिथला क्रीम कलर सुरकुतून सालपटासारखा निघाला, खाली प्रायमर दिसतो.

मी वाचलं त्यावरून आकडे असे आहेत, ताज्या ऑइलचा उकळबिंदू कमीत कमी डॉट 3 ला 205 डिग्री, डॉट 4 ला 230, डॉट 5 आणि 5.1 दोघांना 260. पण त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की हेच अनुक्रमे 140, 155 आणि 180 वर येतात. म्हणजे इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात फिरणारी गाडी असेल आणि वर्षानुवर्षं ऑइल बदललेलं नसेल तर बाटलीवरच्या मोठ्या आकड्याला काहीच अर्थ नाही. माझा कल डॉट 4 टाकून दर पावसाळ्यानंतर बदलायचं असा आहे. पण प्रश्न घरच्यांच्या जिवाचा आहे म्हणून ज्यांनी असं कन्व्हर्जन केलंय त्यांनी कृपया सांगा. सिलिकॉन टाकावं का? आणि जुन्या रबराचं काय?

प्रतिसाद 1
दादा, सिलिकॉनच्या नादी लागू नका. ते पाणी ओढत नाही हे खरं, पण टाकीच्या झाकणातून दमटपणा शिरायचा तो शिरतोच, मग ते पाणी वेगळं राहून सगळ्यात खालच्या जागी म्हणजे कॅलिपरमध्ये जाऊन बसतं. तिथे गंज पण येतो आणि पाणी 100 ला उकळतं. शिवाय त्यात हवेचे बुडबुडे अडकतात, पॅडल कायम जरा लिबलिबीत राहतं. बंद गॅरेजात उभ्या असलेल्या गाडीला ठीक, घाट उतरणाऱ्याला नाही. आणि जुन्या ऑइलवर डॉट 5 कधीच ओतू नका, दोन्ही एकत्र चालत नाहीत. 3, 4 आणि 5.1 मात्र एकाच ग्लायकॉल जातीचे, आपसात मिसळले तरी नुकसान नाही. किट नवीन आहे म्हणता तर डॉट 4 ने रबराला काही होत नाही. रबर फुगतं ते पेट्रोल-डिझेलने, आपल्याकडे किट टाकताना पोरं सिलेंडर डिझेलने धुतात, ते करू देऊ नका, स्पिरिट किंवा ताजं ब्रेक ऑइलच वापरायला सांगा. बाटली छोटी सीलबंद घ्या, उघडून फळीवर राहिलेली नको.

प्रतिसाद 2
ऑइल डॉट 4 च, त्यात वाद नाही. पण मला वेगळीच शंका येते. चार ड्रमच्या जुन्या मास्टर सिलेंडरमध्ये बऱ्याचदा एक चेक व्हॉल्व्ह असतो, पॅडल सोडल्यावरही लाइनमध्ये थोडं प्रेशर धरून ठेवतो. ड्रमला ते लागतं, तिथे शू मागे ओढायला स्प्रिंग असते. डिस्कला स्प्रिंग नाही, मग पॅड डिस्कला घासतच राहतात आणि अख्खा घाट तुम्ही पाय न ठेवता ब्रेक मारत उतरता. असं असेल तर 260 चं ऑइलसुद्धा उकळेल. एक करा, पुढचं चाक जॅकवर घ्या, ब्रेक दाबून सोडा, हाताने फिरवा. जड गेलं तर आधी मास्टर सिलेंडरजवळचा पाइप नट जरा सैल करा (खाली फडकं धरा, रंग जपा). चाक मोकळं झालं तर दोष मास्टर सिलेंडरकडे. नाही झालं तर कॅलिपरचा निपल सैल करा, आता मोकळं झालं तर मधला रबरी होज आतून फुगलाय.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी करून बघितलं. पुढची दोन्ही चाकं ब्रेक सोडल्यावर जड फिरत होती, आणि मास्टर सिलेंडरचा नट सैल केल्याबरोबर ऑइलची बारीक पिचकारी आली आणि चाक मोकळं! म्हणजे होज ठीक आहेत, प्रेशर मास्टर सिलेंडरच धरून ठेवतोय. घाटात रिम एवढी का तापली ते आता कळलं.

जुना मास्टर सिलेंडर काढूनच टाकतो. तसाही त्यात चारही चाकांना एकच सर्किट आहे, एक पाइप फुटला तर सगळेच ब्रेक गेले. पुढे डिस्क-मागे ड्रमसाठीचा टँडम (दोन वेगळ्या सर्किटचा मास्टर सिलेंडर) बसवणार आणि ऑइल डॉट 4. तोपर्यंत गाडी घाटात नेत नाही. आता एवढंच सांगा, बूस्टर न लावता टँडम बसवायचा तर बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) केवढा घेतलात? मोठा घेतला तर पाय जड होणार आणि लहान घेतला तर पॅडल खाली जाणार हे माहितीये, पद्मिनीवर प्रत्यक्ष कुणी बसवला असेल त्यांचा आकडा हवाय.